सायकलीवरचें बिऱ्हाड

गेल्या नाताळच्या सुटीपूर्वीं आठ दिवस आमच्या अंधेरीच्या घरांतील दिवाणखान्यांत, जुन्या वर्तमानपत्रांच्या आसनावर, एक सायकल पाय वर करून पडलेली होती, आणि तिच्याभोवतीं पाने, पट्ट्या, पिशव्या, औषधें, कपडे व पुस्तकें यांचा असा कांहीं पसारा मांडलेला होता कीं, घरीं येणारा प्रत्येक मनुष्य दारांतूनच "कुठें बदली झाली काय?" असें विचारी. पन्नाशी ओलांडलेला, रक्तदाबाची गोळी नेमानें घेणारा आणि वर्गांत तासभर उभें राहिल्यावर गुडघ्यांची मनधरणी करणारा एक प्राध्यापक सायकलीवरून गुहागरास जाणार आहे, हें उत्तर ऐकून कोणी हंसत, कोणी गंभीर होत. एका शेजाऱ्यांनीं तर आमचा विमा उतरलेला आहे कीं नाहीं, याची मोठ्या आपुलकीनें चौकशी केली.

खरें कारण आम्हीं कोणासच सांगितलें नव्हतें. गुहागरजवळच्या आमच्या गांवीं आमचा धाकटा भाऊ राहतो. त्याचें आमचें अकरा वर्षें बोलणें नव्हतें. कोंकणांतील दोन भावांचें भांडण ज्यावरून होतें त्यावरूनच तेंहि झालें होतें. म्हणजे एक गडगा, त्या गडग्यालगतचीं चार कलमें आणि सातबाराच्या उताऱ्यावरील एक ओळ. यंदा त्याच्या मुलीचें लग्न ठरलें व टपालानें पत्रिका आली. पत्र नाहीं, फोन नाहीं, नुसती छापील पत्रिका. ती आम्ही टेबलाच्या खणांत सरकविणार इतक्यांत आमच्या सौभाग्यवतींनीं तिच्या शेवटच्या ओळींवर बोट ठेवलें. निमंत्रकांत पहिलें नांव आमचें होतें. आम्हांला विचारल्यावांचून छापलेलें!

"अहो, आतां यजमानच गेले नाहींत तर कसें दिसेल?" त्या म्हणाल्या.

दादरहून आगगाडीनें चिपळूण व तेथून एस. टी.नें गुहागर हा आमचा नेहमींचा राजमार्ग. पण एका रात्रींत अकरा वर्षें ओलांडून सकाळीं अंगणांत उभें राहण्याची छाती आम्हांला होईना. वाटेंत चार दिवस लागले तर बरें, असें वाटूं लागलें. सायकलीची कल्पना सुचली ती अशी. सौभाग्यवती मागाहून आगगाडीनें येणार होत्या. त्यामुळें निदान लग्नांत नेसावयाच्या धोतराचा व अहेराचा भार आमच्यावर नव्हता.

सायकलीच्या मागें कॅरिअर बसवावा, त्यावर पिशवी बांधावी आणि देवाचें नांव घेऊन निघावें, अशी आमची भोळी समजूत होती. अंधेरी पूर्वेच्या एका गल्लींतील सायकलवाल्यानें ती अर्ध्या तासांत निकालांत काढली. हा गृहस्थ संगमेश्वराकडचा. दुकान इतकें चिंचोळें कीं, गिऱ्हाईक आंत शिरलें कीं मालकाला बाहेर यावें लागतें. त्यानें आमची सायकल उचलून पाहिली, मागचें चाक फिरविलें, एकेक तार चिमटींत धरून सतारीसारखी छेडली आणि म्हणाला, "सर, ही गाडी माणसापुरती आहे. बिऱ्हाड न्यायचें असेल तर आधीं चाक बांधून घ्या."

त्याचें म्हणणें असें कीं, बसणाराचें व सामानाचें मिळून अर्ध्याहून कितीतरी अधिक वजन मागच्याच चाकावर पडतें. त्या चाकाच्या उजव्या अंगाला गिअरचीं चक्रें असल्यामुळें त्या बाजूच्या तारा अधिक उभ्या व अधिक ताणलेल्या असतात. भार वाढला कीं पहिली तार बहुधा तेथेंच तुटते. ती बदलावयाची तर चक्रें उतरवावीं लागतात, आणि तें हत्यार आडरस्त्यावर कोणापाशींहि नसतें. सबब आमचें ३२ तारांचें चाक गेलें व ३६ तारांचें आलें. चार जास्तीच्या तारा त्यानें फ्रेमच्याच एका दांडीला चिकटपट्टीनें गुंडाळून दिल्या. पुढें कॅरिअरचा प्रश्न आला. आमचा ओढा अर्थातच हलक्या, चकचकीत ॲल्युमिनियमकडे होता. "लोखंडी घ्या," तो म्हणाला. "मोडला तर कुठल्याहि नाक्यावर वेल्डिंगवाला टांका मारून देईल. ॲल्युमिनियम जोडणारा मिळेपर्यंत लग्न उरकेल." लग्नाची गोष्ट याला कोणी सांगितली, हें कोडें आम्हांला अद्यापि उलगडलेलें नाहीं.

कॅरिअरचे खालचे पाय आंसाजवळच्या भोंकांत बसले, प्रत्येक नटाखालीं वायसर गेला, आणि रोज सकाळीं चहाच्या आधीं ते चार नट चांचपून पाहण्याची आम्हांला शपथ घालण्यांत आली. कारण रस्त्याच्या थरथरीनें नट ढिले होतात, व एक सुटला कीं उरलेल्या तिघांवर त्याचें काम पडतें. (कॉलेजांत काम करणारास हा सिद्धांत नवा नव्हे.) मग दोन बाजूंस लोंबणाऱ्या दोन पिशव्या आल्या. त्या पहिल्यानें इतक्या पुढें बसल्या कीं पेडल मारतांना आमची टांच प्रत्येक फेऱ्याला पिशवीवर आपटूं लागली. चार बोटें मागें सरकविल्यावर टांच सुटली. पण याहून मागें नेऊं नका, नाहींतर पुढचें चाक हलकें होईल, असा इशाराहि मिळाला. जड वस्तु तळाशीं व चाकाला लागून, हलक्या वर. आणि डावें उजवें तोलांत सारखें. वरची वळकटी बांधावयास त्यानें जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दिल्या. दोरी सैल पडते, रबर पडत नाहीं.

डावें उजवें सारखें करावयाचें म्हणजे कांटा हवा. आमच्या गल्लीच्या तोंडाशीं एक रद्दीवाला आहे. त्याच्या कांट्याला आम्हीं भरलेल्या पिशव्या अडकविल्या. डावी १३ किलो, उजवी ९, वरची वळकटी दीड. साडेतेवीस किलो! रद्दीवाल्यानें पिशवीच्या तोंडांतून डोकावणाऱ्या पुस्तकांवर व्यवहारी नजर टाकली व विचारलें, "सर, यांतलें द्यायचें कोणतें?" उभ्या आयुष्यांत आमच्या ग्रंथसंग्रहावर झालेलें एवढें मार्मिक परीक्षण आम्हांला आठवत नाहीं. पिशव्या तेथेंच फुटपाथवर उघडल्या. पांच पुस्तकें, विद्यार्थ्यांच्या तपासावयाच्या निबंधांचा एक गठ्ठा, छत्री, जोड्यांचा दुसरा जोड, दोन शाली, आणि तळाशीं, चाकाला लागून, अगदीं शास्त्राप्रमाणें ठेवलेली, एक तपकिरी फाईल. ती एकटीच पावणेदोन किलो भरली.

घरीं येतांना आम्हांला मुंबईच्या त्या सहा पारशी तरुणांची आठवण झाली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं ते येथून सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. तिघे वाटेंत गळले. आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तिघे इराण, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असे सुमारें ४४,००० मैल तुडवून १८ मार्च १९२८ ला मुंबईस परतले. त्यांचें इंग्रजी प्रवासवर्णन १९३१ सालीं निघालें व त्याला जवाहरलाल नेहरूंनीं प्रस्तावना लिहिली. साडेचार वर्षांचा संसार तीन तरुणांनीं सायकलींवर केला, आणि आम्हांला चार दिवसांचा तोलतां येईना! अर्थात् विशींतल्या मनुष्यापाशीं बरोबर नेण्याजोगें असतें तरी काय? त्याची फाईल अजून उघडावयाची असते.

पुस्तकें व निबंध काढून टाकून दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही आरे वसाहतीच्या रस्त्यावर परीक्षेस उतरलों. भरलेली सायकल चालविणें हें रिकामी चालविण्यासारखें नव्हे, हें पहिल्या चढावरच समजलें. आणि पहिल्या उतारावर त्याहून अधिक समजलें. वेग वाढतांच हँडल आपोआप थरथरूं लागलें, जणुं मागें बसलेलें कोणी अंग हलवीत होतें. आमच्या तोंडून नकळत शब्द निघाले, "अरे, हलूं नकोस!"

हे शब्द आम्हीं चाळीस वर्षांत उच्चारले नव्हते. वडिलांची एक काळी, उंच सायकल होती. आम्ही आठवींत गेलों तेव्हां ती आम्हांला मिळाली, ती या अटीवर कीं धाकट्याला मागें बसवून शाळेंत न्यावयाचें. कॅरिअरवर पोत्याची घडी टाकून तो बसे, तारांत पाय जाऊं नयेत म्हणून ते दोहों बाजूंस फांकून धरी, आणि उतारावर हटकून हलत असे. आम्ही ओरडत असूं. मात्र चढ लागला कीं तो न सांगतां उतरे व मागून ढकलीत येई. शाळा येईपर्यंत त्याचा सदरा आमच्यापेक्षां अधिक भिजलेला असे. त्यावेळीं तोल, वजन, चाकाच्या तारा यांचें शास्त्र आम्हांला ठाऊक नव्हतें, आणि आमचें ओझें आमच्याबरोबर धांवत होतें.

घरीं आल्यावर आम्हीं सायकल भिंतीला टेकली. थरथर कशानें होते हें सायकलवाल्यानें सांगितलेंच होतें. मागें अद्यापि भार फार होता. छत्री गेली, शाली गेल्या, दुसरे जोडे गेले. फाईल आम्हीं काढून टेबलावर ठेवली, पुन्हां पिशवींत घातली, पुन्हां काढली.

"ही कशाला?" सौभाग्यवतींनीं विचारलें.

"लागेल कदाचित्."

"भांडायलाच जायचें असेल तर एस. टी. आहे कीं. सायकलीचा एवढा खर्च कशाला?"

यावर आम्ही कांहीं बोललों नाहीं. फाईल कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. दोन सदरे, एक विजार, पंचा, औषधें, दोन ट्यूब, पंप, पाने, पंक्चरचें सामान, पाणी व खजुराचा पुडा, असें सारें मिळून वजन ११ किलो झालें. रद्दीवाल्यानें तें दोनदां तोलून दाखविलें व निराश होऊन कांटा खुंटीला लावला.

प्रवासाविषयीं फारसें सांगण्यासारखें नाहीं. जो नीट बांधलेला असतो तो प्रवास बोलका नसतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट, जी २०२० च्या मार्चांत सुरू झाली, ती सायकलीलाहि जागा देते. पुढें अलिबाग, रेवदंडा, मुरूड. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेशवी आणि दाभोळहून धोपावें अशा तीन खाड्या फेरीबोटींतून ओलांडल्या. खाडी संपली कीं चढ सुरू होतो, हा कोंकण-किनाऱ्याचा नियम. तेथें आम्ही निःसंकोच उतरून सायकल ढकलीत होतों. नट रोज चांचपले. तिसऱ्या दिवशीं एक ढिला सांपडला.

चवथ्या दिवशीं चार वाजतां आम्ही घरच्या अंगणांत शिरलों. मांडवाचे वासे उभे करणें चाललें होतें. धाकटा एका वाशाला दोर बांधीत होता. त्यानें आम्हांला पाहिलें, दोराची गांठ पुरी केली, हात पुशीत जवळ आला. आमच्याकडे न पाहतां तो सायकलीभोवतीं एकदां फिरला, खालीं बसला आणि मागच्या टायरवर अंगठा दाबून, वडील दाबीत तसाच, म्हणाला,

"दादा, मागच्यांत हवा कमी आहे."

"पंप डाव्या पिशवींत आहे," आम्ही म्हणालों.

त्यानें पिशवी उघडली. पंप वरच होता. तरी त्यानें आंतील सर्व वस्तु एकेक करून पायरीवर मांडल्या आणि तळ दिसेपर्यंत आंत पाहिलें. मग तो हवा भरूं लागला.