नटाच्या कलाने

आमच्या सिंधुदुर्गात गंज हवेतच असतो. पाऊस सरतो, नवरात्रात ऊन पडतं, अंगणातलं शेवाळ सुकून काळं होतं. नेमकी त्याच सुमाराला फाटकाच्या बिजागऱ्यांवर, विहिरीवरच्या पंपावर, पावसाळाभर पडवीत उभ्या असलेल्या स्कूटरच्या पोटाखाली तांबूस पूड दिसू लागते. समुद्र घरातून दिसत नाही, पण वारा त्याचं मीठ रोज आणून पोचवतो. मीठ ओलावा धरून ठेवतं, लोखंडाला सुकू देत नाही. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणाऱ्या या पट्ट्यात कोयती, विळी, पहार यांच्या जोडीला चार चांगले पाने घरात लागतातच.

पाना आवळायला कसलाही चालतो. सोडवायची वेळ आली की त्याचा कस लागतो, आणि हाताचाही. मला हे काम मनापासून आवडतं. वर्षानुवर्षं न हललेला नट पहिल्यांदा हलतो तो क्षण अनुभवायला मी तासन्‌तास पडवीत फतकल मारून बसतो.

नट हटून बसतो म्हणजे आत काय झालेलं असतं, हे कळलं की कोणतं अवजार घ्यावं याचा निम्मा निर्णय झालेला असतो. बोल्ट आवळताना तो ताणला जातो. लांबी अगदी किंचित वाढते, आणि पुन्हा आखूड व्हायच्या त्याच्या ओढीनेच दोन भाग एकमेकांना धरून राहतात. पण आपल्या मनगटातल्या जोराचा जेमतेम दहावा हिस्सा या ताणापर्यंत पोचतो. जवळपास अर्धा जोर नटाच्या बुडाशी, तो वायसरवर घासतो तिथे, खर्ची पडतो आणि उरलेला आट्यांमध्ये. नवा, स्वच्छ नट सोडवायला आवळण्यापेक्षा थोडा कमीच जोर पुरतो, कारण ताणलेला बोल्ट स्वतःच सुटायला मदत करतो. गंज शिरला की हे गणित उलटतं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. आट्यांमधल्या बारीकशा फटीत तो फुगतो, चेपला जातो, आणि दोन्ही धातूंच्या मध्ये पाचर होऊन बसतो. ही पाचर आधी भिजवावी लागते, मग हादरवावी लागते. फिरवण्याची पाळी त्यानंतर.

म्हणून पेटीत सगळ्यात आधी तारेचा ब्रश आणि तेल. बोल्टचं उघडं टोक ब्रशने खरवडून स्वच्छ केल्याशिवाय तेल घालण्यात अर्थ नाही, ते मातीच्या थरावरच जिरतं. नाक्यावरचे आमचे मेस्त्री पूर्वी रॉकेल नाहीतर डिझेल वापरत. आता त्यांच्याकडेही फवाऱ्याचा डबा आला आहे, पण सांगणं तेच: ‘तेका आधी तेल पिऊंदे.’ तेल सोडून ते दुसऱ्या गाडीकडे वळतात. फट जितकी बारीक तितकं तेल स्वतःहून आत ओढलं जातं, पण त्याला रात्र द्यावी लागते. संध्याकाळी तेल, वर हातोडीचे दोन-चार हलके ठोके, सकाळी पुन्हा तेल. निळ्या-पिवळ्या डब्यातलं डब्ल्यूडी-४० सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ते १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन दिएगोमध्ये तयार झालं, आणि ॲटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून वापरलं गेलं. पाणी हटवणं हा त्याचा मूळ धर्म. हलक्या गंजावर ते चालतं, पण खरोखर चिकटलेल्या नटासाठी मी खास आत झिरपणारं तेल घेतो. ते पातळ असतं, वास उग्र असतो आणि काम चोख करतं.

आता पाने. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत गेलं की भिंतभर टांगलेली अवजारं बघून हरखायला होतं. तिथेच संयम हवा. शंभर नगांची चकचकीत पेटी घेऊ नये, निम्म्या वस्तू जन्मात हाताला लागत नाहीत. घरच्या दुचाकीला, पंपाला, सायकलला, फाटकाला ८, १०, १२, १३, १४, १७ आणि १९ मिलिमीटर एवढी मापं पुरतात. जपानी घराण्यातल्या मोटरसायकलवर १२ आणि १४ जास्त भेटतात. वेस्पाच्या वंशातल्या स्कूटरवर १३ शिवाय पान हलत नाही. ही सात मापं घ्यावीत, पण ती उत्तम घ्यावीत. पान्यावर क्रोम व्हॅनेडियम असं कोरलेलं असावं, तोंडाची कड हाताला धारदार आणि सरळ लागावी. माझ्या पेटीतले बरेचसे पाने नाशिकच्या टपारियाचे आहेत. १९६९ साली स्वीडिश सहकार्याने हातअवजारं बनवू लागलेला हा कारखाना त्र्यंबक रोडवरच्या औद्योगिक वसाहतीत आहे, आणि आपल्याकडच्या गल्लीबोळातल्या गॅरेजांत त्याचे पाने दिसतात. खंडेनवमीला झेंडू वाहताना मी ते एकेक पुसून, तेलाचा बोळा फिरवून ठेवतो, तेव्हा त्यांचं वजन हाताला बरं वाटतं.

फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो. जोर वाढला की त्याचा जबडा किंचित फाकतो, मग तो सटकतो आणि नटाचे कोपरे गोल करून जातो. म्हणून सोडवण्याच्या कामात त्याला पहिला मान कधी देऊ नये. सैल झालेला नट भराभर फिरवायला तो हवा. सोडवायला रिंग पाना नाहीतर गोटी (सॉकेट), आणि त्यातही आतून सहा कोनांची. बारा कोनांची रिंग अडचणीच्या जागी सोयीची पडते, तीस अंश फिरवून पुन्हा बसवता येते. सहा कोनांची असेल तर साठ अंश जागा लागते. पण बारा कोनांची रिंग कोपऱ्याच्या अगदी जवळ जोर देते, आणि गंजलेल्या नटाचे कोपरेच आधी खलास झालेले असतात. सहा कोनांची गोटी सपाट बाजूंवर रेलते. दुकानदार आपणहून बारा कोनीच काढून देतात. सहा कोनी मागून, तोंडात डोकावून, मोजून घ्यावी.

मोजण्यावरून आठवलं. जुन्या यंत्रांवर मिलिमीटरचा पाना नीट बसतोच असं नाही. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमध्ये आट्यांचं प्रमाण सुचवलं, तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे त्याचे त्याचे होते. त्या इंची वंशावळीचे बोल्ट आपल्याकडच्या जुन्या पंपांवर आणि जुन्या बुलेटवर आजही सापडतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ चा पाना जातो, पण सैल जातो, आणि जोर लावताच कोपरे चाटून नेतो. उलट पाऊण इंच आणि १९ मिलिमीटर यांच्यात फरक नावालाच आहे. इंची आणि मिलिमीटर मापांमधला हा बारीक फरक अडचणीच्या वेळी कामाला येतो. १३ चा नट गंजाने झिजून बारीक झालेला असेल तर त्याच्यावर अर्ध्या इंचाची सहा कोनी गोटी हातोडीने ठोकून बसवायची. ती ठोकताना बसणारे हादरेही फुकट जात नाहीत, गंज त्यानेच तडकतो. म्हणून एक-दोन इंची गोट्या पेटीत असाव्यातच.

स्क्रू पान्याबद्दल मला आदर आहे. स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन यांनी १८९२ च्या सुमाराला त्याला आजचं रूप दिलं; एका अवजारात वीस मापं सामावणं ही थोर कल्पना आहे. नळाच्या कामाला तो हवा. जुन्या, जड नटावर मात्र तो शेवटी येतो, आणि आला तरी जोर त्याच्या न हलणाऱ्या जबड्यावर पडेल अशाच बाजूने फिरवायचा.

यानंतर दांडा. तीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला वीस किलोचा जोर लावला तर नटाला सुमारे ६० न्यूटन मीटर पीळ मिळतो. दांडा साठ सेंटिमीटरचा केला की तेवढ्याच जोरात १२०. छोट्या मोटारीच्या चाकाचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरला आवळलेले असतात, म्हणजे गाडीबरोबर मिळालेल्या आखूड पान्यावर माणसं उभी का राहतात ते यात आलं. अर्धा इंची चौकोनाचा, अर्ध्या मीटरच्या आसपासचा भक्कम दांडा घरात असला की उभं राहावं लागत नाही. रॅचेट या कामाला वापरू नये. त्याच्या पोटातले बारीक दाते नट पळवण्यासाठी आहेत, फोडण्यासाठी नाहीत. आणि दांडा लांब आहे म्हणून तो सगळीकडे लावायचा नाही. ६ मिलिमीटरचा साधा बोल्ट १० न्यूटन मीटरच्या आसपास आवळतात. त्याला हातभर दांडा लावला तर तो तुटणार हे ठरलेलंच आहे. जोर लावण्यापूर्वी दिशाही पाहून घ्यावी. सायकलच्या डाव्या पायट्याचे आटे उलटे असतात, आणि वेल्डिंगच्या ज्वलनशील गॅसच्या नळ्यांचेही.

माझं सगळ्यात लाडकं अवजार आहे हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. फुलीच्या खाचेच्या स्क्रूवर नेहमीचा स्क्रूड्रायव्हर जोर वाढताच वर उचलला जातो आणि खाच खाऊन टाकतो. स्कूटरच्या इंजिनाच्या झाकणावरचे स्क्रू असेच बरबाद झालेले दिसतात. या ड्रायव्हरच्या डोक्यावर हातोडी बसली की तो एकाच क्षणी खाली दाबला जातो आणि किंचित फिरतो. खाचेतून सुटायची संधीच स्क्रूला मिळत नाही. काही शे रुपयांत मिळणारी ही वस्तू घरोघरी असायला हवी, असं मला कळकळीने वाटतं. नटासाठी हाच हादरा दुसऱ्या रीतीने देता येतो. नटाच्या एका बाजूला जड हातोडी टेकवून धरायची आणि समोरच्या बाजूवर लहान हातोडीने ठोकायचं. ठोका बोल्टच्या उघड्या टोकावर मात्र नको, आटे चेपले की सुटलेला नटही बाहेर येत नाही.

उष्णतेबद्दल मी जपून बोलतो. दहा मिलिमीटरचं भोक असलेला नट दोनशे अंशांनी तापला तर भोक मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतकं मोठं होतं, आणि एवढं कित्येकदा पुरतं. तापलेल्या आट्यांना मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आत शिरतं, हीसुद्धा गॅरेजातली जुनी रीत. पण जिथे नुकतंच तेल फवारलं आहे, पेट्रोलची टाकी जवळ आहे, ब्रेकची रबरी नळी आहे, तिथे ज्योत न्यायची नाही. जस्ताचा मुलामा असलेल्या नटाचा धूर छातीत जाऊ द्यायचा नाही. घरात मी हा उपाय क्वचितच करतो.

खरी परीक्षा पुढेच असते, नट पहिल्यांदा हलतो तेव्हा. गंज तुटला तर कोरडा ‘कट्ट’ असा आवाज येतो, दांड्यातून मनगटापर्यंत एक टणक झटका पोचतो, आणि नट पुढे जड पण एकसारखा फिरू लागतो. दुसऱ्या वेळी आवाज येत नाही. दांडा मऊ, लवचीक सरकतो, जणू सगळं मनासारखं होतंय. तो बोल्ट पिळवटत असतो. तिथे थांबायचं, नट अर्धा आटा परत आवळायचा, तेल घालायचं, पुन्हा थोडा सोडवायचा. पुढे-मागे, पुढे-मागे, प्रत्येक फेरीत गंजाची पूड बाहेर येते आणि वाट लांबते. हा मऊपणा ओळखायला शिकलेल्या हाताला मी कोणत्याही यंत्राच्या वर मानतो. बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन आता घरगुती किमतीत मिळते, चाकाच्या नटांना ती झकास आहे. पण जुन्या इंजिनावर तिच्या धडधडीत हे बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ती माझ्या यादीत शेवटी आहे.

तरीही काही नट सुटत नाहीत. तेव्हा कोणाला वाचवायचं ते ठरवावं. इंजिनात रोवलेला स्टड मोलाचा, नट दहा रुपयांचा. छिन्नीने किंवा करवतीने नट उभा चिरून टाकावा आणि स्टड जपावा. स्टडच पृष्ठभागाशी तुटला तर घरचं काम संपलं. वेल्डिंगवाला त्याच्या बुंध्यावर नवा नट डागून देतो, त्या तापानेच गंज सैल होतो आणि बुंधा फिरून बाहेर येतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा तालुक्याच्या लेथवर ही कामं करणारे हात आहेत, त्यांच्याकडे वेळेवर जावं.

परत बसवताना आटे ब्रशने झाडायचे, तांब्याच्या भुकटीचं ग्रीस बोटाने चोळायचं, आणि पहिले दोन-तीन फेरे पान्याशिवाय नुसत्या बोटांनी द्यायचे. ग्रीस लावलेल्या बोल्टला कोरड्याइतका जोर लावायचा नाही, घर्षण घटल्यामुळे तो जास्त ताणला जातो. मोटारीच्या चाकाचे नट मात्र कोरडेच ठेवायचे. ते आडव्या-तिडव्या क्रमाने आवळायचे आणि पन्नासेक किलोमीटर गाडी चालली की पुन्हा एकदा पाना लावून बघायचे.