राघूची दिवाळी

मी शाळकरी असताना आमच्या अलिबागच्या घरी ओटीवर राघूचा पिंजरा टांगलेला असे. दिवाळीत त्याला काय द्यायचे, याचा आम्हा भावंडांत मोठा खल चाले. चकली पुढे केली की आजी ओरडे, "तेलामिठाचं त्याला सोसत नाही रे!" मग पेरूची फोड नाहीतर भिजवलेली डाळ.

एका वर्षी साठवलेल्या पैशांतून मी त्याच्यासाठी घुंगरू आणले आणि मोठ्या ऐटीत पिंजऱ्यात बांधले. राघू अंग चोरून कोपऱ्यात बसला. डाळीला शिवेना.

"फटाक्यांनी आधीच बिचाऱ्याचा जीव अर्धा झालाय," म्हणत आजीने घुंगरू सोडले, पिंजऱ्यावर जुने लुगडे पांघरले आणि तो माजघरात नेला. तासाभराने आतून शीळ ऐकू आली.

आपला हिरवा पोपट पकडणे, पाळणे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मला फार उशिरा कळले. राघू तोवर पिंजऱ्यातच गेला होता.

परवा लेकीने विचारले, "बाबा, पोपटांना दिवाळीला काय द्यायचं?"

वाडीतल्या पेरूच्या शेंड्याची फळे आम्ही आता उतरवत नाही. संध्याकाळी तिथे थवा उतरतो. मी म्हणालो, "पेरू आहेतच. त्या झाडाखाली तेवढा फटाका लावू नकोस."