सोलापूरच्या हवेला मानवेल असं लाकूड

सोलापूर
मार्चचा दुसरा आठवडा

चि. बाळ,


मिस्त्रींनी दिलेला अंदाजाचा कागद मिळाला. जेवणाचं टेबल, दोन दिवाण, पुस्तकांची मांडणी आणि देव्हारा, सगळं सागवानात. खालची बेरीज बघून तू विचारतेस की मावशी, एवढे पैसे नाहीत, मग प्लायला सनमायका चिकटवून मोकळी होऊ, की परवडेल असं दुसरं खरं लाकूड आहे? आहे. एक नाही, तीन-चार आहेत, आणि त्यांतली दोन-तीन तर आपल्या जिल्ह्यात बांधावर आणि ओढ्याकाठी उभी असतात. पण त्यांची नावं सांगण्याआधी हवेबद्दल लिहिते. आपल्याकडे घरातलं लाकूड बिघडतं ते बहुतेक वेळा हवेमुळे.

सागाचं नाव मोठं झालं ते पाण्यामुळे. त्याचा गाभा सहसा कुजत नाही आणि वाळवीही त्याच्या वाटेला फारशी जात नाही. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाचं ट्रिंकोमाली हे जहाज बांधलं, ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगत आहे. अशा लाकडाला मोल येणारच. आजही बल्लारपूरच्या डेपोतला चंद्रपूर-गडचिरोलीचा साग देशभर जातो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये तिथूनच लाकूड गेलं. पण तुझं टेबल जुळे सोलापुरात, दुसऱ्या मजल्यावर, फरशीवर उभं राहणार आहे. त्याला पाऊस लागणार नाही, ओल लागणार नाही. मग पाण्यात टिकण्याच्या गुणाचे पैसे प्रत्येक फळीमागे का मोजायचे? माझं म्हणणं एवढंच आहे. बाकीचं पत्र त्याचाच हिशेब आहे.

सागाचा दुसरा गुण मात्र घरातही कामाला येतो. तो हवेप्रमाणे कमी फुगतो, कमी आकसतो. आपल्याकडे याला फार महत्त्व आहे. लाकूड कितीही जुनं झालं तरी हवेतली ओल घेत-सोडत राहतं. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो तेव्हा घरातल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सहा टक्क्यांच्या आसपास ओलावा उरतो. आपला परतीचा पाऊस सप्टेंबरात येतो, तेव्हा तेच लाकूड बारा-तेरा टक्क्यांवर जातं. तीन फूट रुंदीचा सागाचा टेबलाचा माथा या चढउतारात आडव्या अंगाने जवळजवळ अर्धा इंच हलू शकतो. पॉलिश असलं तर ओल हळू आत-बाहेर होते, म्हणून पाव इंच धरून चालावं. लांबीत तो हलतच नाही म्हटलं तरी चालेल. हा पाव इंच ज्याने धरला नाही त्याच्या टेबलाला उन्हाळ्यात मधोमध चीर पडते, लाकूड कितीही महागाचं असो. आणि कोकणात किंवा कोल्हापूरच्या पावसात वाळलेलं लाकूड आपल्याकडे आणून लगेच कापलं, तर पहिल्याच चैत्रात सांधे उघडतात.

तेव्हा साग घ्यायचाच तर एका ठिकाणी घे: टेबलाचा माथा. रुंद, सपाट, रोज डोळ्यांसमोर असणारा भाग तो. सहा फूट बाय तीन फूट, एक इंच जाडीचा माथा म्हणजे दीड घनफूट लाकूड. रंधाई-कापणीत जाणारं धरून दोन घनफुटांपेक्षा थोडं जास्त लागेल. एवढा साग तुला झेपेल. तोही नवा घेऊ नकोस. नैसर्गिक साग जगात फक्त भारत, म्यानमार, लाओस आणि थायलंड या चार देशांत होतो. म्यानमारने २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हापासून परदेशी साग म्हणून बाजारात येतो तो बहुतेक आफ्रिकेतला आणि दक्षिण अमेरिकेतला, लागवडीचा. जातीने तो सागच असतो, पण कोवळ्या झाडाला गाभा कमी आणि पांढरा काठ जास्त. त्या पांढऱ्या काठाला कीड लागते, आणि सागाच्या ख्यातीत त्या काठाचा काहीच वाटा नाही. त्यापेक्षा पडलेल्या वाड्यांचं आणि माळवदाच्या घरांचं जुनं लाकूड शोध. आपल्या भागात माळवदं होती, तुळयांवर किलचण आणि वर माती. सधन घरांत त्या तुळया सागाच्या असत. अशी तुळई पिढ्यान् पिढ्या इथल्याच हवेत वाळलेली असते, तिला जे वाकायचं ते ती वाकून झालेली असते. खिळे नीट काढायला सांग, नाहीतर गिरणीवाला पात्याचे पैसे वेगळे लावील, आणि ते त्याचं बरोबरच आहे.

आता बाकीचं. दिवाणाचे सांगाडे आणि पुस्तकांची मांडणी कडुनिंबाची कर. वनस्पतिशास्त्र शिकवताना मी मुलांना सांगत असे की कडुनिंब आणि महोगनी एकाच कुळातली झाडं आहेत. मुलांना खरं वाटत नसे, कारण महोगनी म्हटलं की राजवाडे आठवतात आणि कडुनिंब म्हटलं की दात घासायची काडी. नव्या रंधलेल्या कडुनिंबाचा तांबूस गाभा पाहिलास तर कूळ ओळखशील. घट्ट, मजबूत, गाभ्याला कीड सहसा लागत नाही. त्याचे दोष सांगते. धागा उलटसुलट असतो, म्हणून रंधा घसरतो आणि आरशासारखं पॉलिश चढत नाही. ओलं कापलं तर वास येतो आणि वाळताना टोकांना तडे जातात. मांडणीला आरशासारखी चमक लागत नाही, वास काही महिन्यांत जातो, आणि तड्यांवर उपाय आहे, तो पुढे लिहिते.

मांडणीची फळी दोन-अडीच फुटांपेक्षा लांब ठेवू नकोस. दर फुटाला भार तेवढाच ठेवून फळीची लांबी दुप्पट केली तर बाक सोळापट होतो. उलट पाऊण इंचाऐवजी एक इंच जाडी घेतलीस तर फळी दुपटीहून जास्त ताठ होते. स्वस्त लाकडाचा मोठा फायदा हाच, जाडी वाढवायला हात आखडता घ्यावा लागत नाही.

दिवाणाचे आणि टेबलाचे पाय बाभळीचे. बैलगाडीच्या चाकाचे आरे आणि तुंबा बाभळीचे करत, कारण दगडधोंड्यांतून भार ओढताना दुसरं लाकूड फुटलं असतं. बाभूळ वजनाला जड, कापायला कठीण, मिस्त्री कुरकुरतील. पण पायांना अरुंद तुकडे लागतात, त्यामुळे आकसण्याचा प्रश्न उरत नाही. जुने शेतकरी बाभळीचा ओंडका विहिरीच्या किंवा तळ्याच्या पाण्यात काही महिने बुडवून ठेवत आणि मगच सावलीत वाळवत. त्यात शास्त्र आहे. बाभळीच्या पांढऱ्या काठातलं किडीचं खाद्य पाण्यात विरघळून जातं, मग लाकडातून पीठ पडत नाही. वखारीत बाभूळ घेताना हे केलंय का ते विचार. केलं नसेल तर पांढरा काठ पूर्ण उतरवून घे.

वेड्या बाभळीबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण तिची किंमत आपण कोळशाच्या पोत्यात करून ठेवली आहे. अमेरिका खंडातून आणलेलं हे झाड आपल्या पडीक रानात, ओढ्यांत, नन्नजच्या माळाच्या आजूबाजूला इतकं माजलं की ते तोडून टाकणं हीच आता सेवा आहे. तिच्या जातकुळीच्या लाकडाचा एक गुण असा की वाळताना ते अगदी थोडं आकसतं, सागापेक्षाही कमी. अर्जेंटिनात याच कुळातल्या अल्गारोबो झाडाचं घरगुती फर्निचर करणारी गावंच्या गावं आहेत. आपल्याकडच्या झाडाची अडचण एवढीच की खोड बारीक आणि वाकडं, सरळ फळी निघत नाही. पण चौरंग, बसायची स्टुलं, कपाटाच्या मुठी, ड्रॉवरचे दर्शनी भाग एवढ्याला हात-दीड हात लांबीचे तुकडे पुरतात. गर्द तपकिरी रंग, घट्ट पोत. ते लाकूड पॉलिशखाली पाहिलंस तर भट्टीत घालवणार नाहीस. मिस्त्रींना दोन स्टुलं तरी यात करायला लाव. मजुरीच द्यावी लागेल, लाकडाचं जवळजवळ काही नाही.

देव्हाऱ्याला शिवण. हलकं, फिकट, कोरीव कामाला मऊ, आणि हवेप्रमाणे फार कमी हलणारं. टेबलाला मात्र नको, ताटाची कड जोरात लागली तरी खळगा पडतो. शिवण मिळाली नाही तर तून चालेल. तीही कडुनिंबाच्याच कुळातली. मिरजेचे तंबोरे आणि सतारी तुनीच्या लाकडाच्या होतात, आणि त्यांचे भोपळे आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडून जातात. २०२४ मध्ये त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्या लाकडावर स्वर टिकतो ते फार वाकणारं नसतं, एवढं मनाशी धर.

रबरवुडबद्दल तू विचारलं होतंस. केरळात चीक देणं संपलेल्या झाडांचं हे लाकूड, तुकडे जोडून केलेल्या फळ्यांत मिळतं. लाकूड वाईट नाही, घरात चालतं, आणि त्यासाठी जंगल तुटत नाही. पण त्याला कीड फार लवकर लागते, म्हणून कापल्याबरोबर बोरॉनच्या द्रावणात मुरवावं लागतं. तशी खात्री विक्रेता लिहून देत असेल तर कपाटाच्या आतल्या फळ्यांना घे. ऐन मात्र रुंद कामाला नको. घट्ट आहे, दिसायला देखणा आहे, पण आपल्या उन्हाळ्यात तो फार तडकतो. मलेशियन साल म्हणून मिळतं ते चौकटींना ठीक.

आता वाळवण. लाकूड घेतल्याबरोबर कापून घे आणि काम पावसाळ्यानंतर सुरू कर. फळ्यांची सावलीत थप्पी लावायची, दोन थरांत सारख्या अंतरावर एक-एक इंचाच्या पट्ट्या, म्हणजे वारा खेळेल. फळ्यांच्या दोन्ही टोकांना ऑइलपेंट किंवा वितळलेलं मेण लावायचं. टोकांतून ओल सगळ्यांत वेगाने जाते, आणि तडे तिथूनच सुरू होतात. आपल्या मे महिन्यात उघड्यावर ठेवलेली फळी वरून वाळते आणि आत ओली राहते, म्हणून गच्चीवर नको. जिन्याखाली ठेव.

वाळलं की नाही हे कुणाच्या शब्दावर सोडू नकोस. थप्पीतल्या मधल्या फळीचा, टोकापासून फूटभर आतला, एक तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोल. मग ओव्हनमध्ये शंभरच्या जरा वर ठेवून, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळव. समज आधी १२० ग्रॅम होता आणि शेवटी १०८ राहिला. गेलेले बारा ग्रॅम भागिले १०८, म्हणजे साधारण अकरा टक्के. दिवाळीच्या सुमारास आठ ते दहा टक्क्यांत आलं की मिस्त्रींना बोलाव.

त्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांग. टेबलाचा माथा सांगाड्याला स्क्रूने आवळून टाकायचा नाही. खालच्या पट्टीत स्क्रूसाठी गोल भोकांऐवजी लांबट खाचा ठेवायच्या, म्हणजे माथा आडवा सरकू शकेल. आणि पॉलिश वरून जितके हात, तितकेच खालून. एकाच बाजूला दिलं तर दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने ओल घेतात आणि फळी पन्हाळीसारखी वळते. याच कारणाने उन्हाळ्यात कूलरचा झोत टेबलावर किंवा दिवाणाच्या बाजूवर येऊ देऊ नकोस. सोलापुरातलं कितीतरी चांगलं फर्निचर कूलरसमोर ठेवल्याने वाकलंय.

शेजारच्या शेतातलं झाड कुणी देऊ केलं तर आधी कागद बघ. साग, आंबा, चिंच, फणस अशी काही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, त्यांना मालकालाही परवानगी लागते. शहराच्या हद्दीत १९७५ च्या कायद्याने महापालिकेची परवानगी हवी, मग झाड कुठलंही असो. वखारीतून घेतलंस तर पावतीवर लाकडाची जात आणि घनफूट दोन्ही लिहून घे. घनफूट स्वतः मोज: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार भागिले १४४.

पाडव्यानंतरच्या रविवारी मी मोकळी आहे. वखारीत तुझ्याबरोबर येईन. येताना टेप, खडू आणि मिस्त्रींच्या मापांचा कागद आण. दिवाणाची उंची त्यांनी सोळा इंच लिहिली आहे, ती गादीसकट आहे की गादीशिवाय ते आधी विचारून ठेव. ताईचे गुडघे दुखतात, तिला उठता-बसता यायला गादीसकट अठरा तरी हवेत.

तुझी,
मावशी