बर्फावरून आलेली विजार

१८८४ साली ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला बर्फाची एक लादी वाहत आली. तिच्यावर काही चिजा होत्या. शिधासामग्रीची एक यादी, खाली कप्तान द लाँगची सही. आणि मेणकापडाची एक विजार, तिच्यावर नाव लुई नोरोस.

ही माणसं होती ‘जीनेट’ जहाजावरची. आणि ‘जीनेट’ तर तीन वर्षांपूर्वी बुडालं होतं, पार सायबेरियाच्या उत्तरेला!

‘न्यूयॉर्क हेरल्ड’चा मालक बेनेट याने ‘पँडोरा’ ही ब्रिटिश आरमाराची जुनी बोट घेऊन तिला आपल्या बहिणीचं नाव दिलं. उत्तर ध्रुवाभोवती मोकळा समुद्र आहे, असं तेव्हा जाणते भूगोलतज्ज्ञही मानत. ध्रुव गाठायला म्हणून जुलै १८७९ मध्ये जहाजाने सॅन फ्रान्सिस्को सोडलं आणि सप्टेंबरातच ते बर्फात रुतलं. एकवीस महिने ते बर्फ नेईल तिकडे गेलं.

जानेवारी १८८० मध्ये जहाजात पाणी शिरू लागलं. खलाशी निंडेमान आणि सुतार स्वीटमन बर्फगार पाण्यात उभे राहून फटी बुजवत राहिले. इंजिनियर मेलव्हिलने पंपासाठी चक्क पवनचक्की उभारली. थोडंथोडकं नाही, जवळजवळ दीड वर्ष या माणसांनी जहाज उपसून उपसून तरतं ठेवलं. बुडण्याच्या कथेत हे तरतं ठेवणं सांगायचं राहून जातं, म्हणून ते इथे मुद्दाम लिहायचं. जून १८८१ मध्ये बर्फाने लाकूड चिरडलं आणि १३ तारखेच्या पहाटे जहाज तळाला गेलं.

मग बर्फावरून होड्या ओढत लेना नदीच्या मुखाकडे पायपीट. पुढे मोकळ्या पाण्यात एक होडी आठ माणसांसह वादळात नाहीशी झाली. किनाऱ्याला लागल्यावर द लाँगने निंडेमान आणि नोरोसला मदत आणायला पुढे धाडलं. ते दोघे वाचले. द लाँगसोबत मागे राहिलेले सगळे उपासमारीने आणि थंडीने गेले. द लाँगच्या रोजनिशीतली शेवटची नोंद ३० ऑक्टोबरची आहे. दुसऱ्या एका होडीतली माणसं धरून ३३ पैकी १३ जण परतले.

म्हणजे विजार ग्रीनलंडला पोचली, तेव्हा तिचा धनी जिवंत होता आणि सही करणारा नव्हता.

त्या वस्तूंच्या खरेपणावर काहींनी शंका घेतली. पण बर्फच ध्रुवप्रदेश ओलांडून वाहतं, हे त्यांतून नॉर्वेच्या मोन या हवामानशास्त्रज्ञाने ओळखलं. त्याचा लेख वाचून त्याच्याच देशाच्या नान्सेनने गोल बुडाचं ‘फ्राम’ हे जहाज बांधून घेतलं. बर्फाने आवळलं की चिरडण्याऐवजी वर उचललं जाणारं. १८९३ मध्ये त्याने ते सायबेरियाच्या उत्तरेला आपणहून बर्फात घातलं. ऑगस्ट १८९६ मध्ये स्पिट्सबर्गनजवळ ‘फ्राम’ मोकळ्या पाण्यात आलं, एकही माणूस न गमावता.