श्रावणातली अंडी

माघात आणलेली पिल्लं श्रावणात अंड्यावर येतात. गिरिराजासारख्या सुधारित जातीच्या कोंबडीला साधारण साडेपाच-सहा महिने लागतात. वेंगुर्ल्याकडच्या आमच्या घरी ती पिल्लं माघात आली आणि गटारी उलटली न उलटली तोच खुराड्यातल्या गवतात रोज अंडी दिसायला लागली. आधी लहान लहान, मग हळूहळू भरलेली. आणि नेमका हाच काळ आमच्या घरात अंड्याचं नावही न काढण्याचा. आम्ही श्रावण धरतो तो गणपती पोचवेपर्यंत सोडत नाही. बाजारातही हीच गत असते. एरवी गावरान अंडं म्हटल्यावर दोन पैसे जास्त देणारा दुकानदार श्रावणात पाटी बघूनच मान हलवतो.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "अंडी भायरच रवांदे, घरात हाडू नको." फ्रिज माजघरात, त्यात नैवेद्याचं दूध-दही. म्हणजे अंड्यांना जागा पडवीतच. मला त्यांचं म्हणणं जाचक वाटलं नाही. त्यांचा श्रावण मला जपायचा होता आणि कोंबडीनं दिलेलं एकही अंडं मला फुकट घालवायचं नव्हतं.

पडवीत अंडी टिकवायची तर पहिला नियम म्हणजे ती धुवायची नाहीत. अंडं बाहेर येतं तेव्हा कवचावर एक पातळ लेप असतो. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि हा लेप ती झाकून धरतो. पाणी लावलं की लेप जातो आणि बाहेरची घाण आत शिरायला वाट मिळते. पण पावसात कोंबड्यांचे पाय चिखलाचे, त्यामुळे अंडी बरबटतातच. त्यावर उपाय खुराड्यातच करावा लागतो. गवत रोज बदलायचं, ओलं झालेलं लगेच काढायचं आणि अंडी दिवसातून दोनदा गोळा करायची. एवढं करूनही एखादं मळलंच तर नारळाचं कोरडं सोडण हलक्या हातानं फिरवायचं, घाण सुटून येते. फारच लडबडलेलं असेल तर ते धुवायचं, पण मग साठवायचं नाही, त्याच दिवशी वापरायला देऊन टाकायचं.

दुसरं म्हणजे निमुळतं टोक खाली. अंड्याच्या रुंद टोकाला हवेचा कप्पा असतो. तो वर राहिला की बलक मध्यभागी नीट राहतो. मी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं तारीख घालते आणि जुनं पुढे, नवं मागे अशी रांग लावते. माझ्या मते सगळ्या साठवणीचं मर्म या रांगेत आहे. अंडी नासतात ती बहुतेक वेळा टिकत नाहीत म्हणून नाही, तर आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं हे कळेनासं होतं म्हणून. शंका आलीच तर पातेल्यात पाणी घ्यावं. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं. दिवस जातात तशी छिद्रांतून आतली ओल उडते, हवेचा कप्पा मोठा होतो आणि अंडं तळाशीच उभं राहायला लागतं. वर तरंगलं तर टाकून द्यावं.

आमच्याकडे जुन्या बायका अंडी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायच्या. उन्हाळ्यात ते चालतं, पावसात मात्र तांदूळच ओल धरतो आणि कवचावर बुरशी येते. चुन्याच्या निवळीत ठेवण्याचीही जुनी रीत आहे. चुन्यामुळे छिद्रं बुजतात, अंडं महिनोन्‌महिने राहतं, पण आतला पांढरा भाग पाण्यासारखा पातळ होतो. आजचे अन्नसुरक्षेचे जाणकार ती पद्धत सुचवत नाहीत. मीही त्या वाटेला गेले नाही.

खरी सोय शेजारी झाली. शेजारच्या आंटी ख्रिस्ती, त्यांना श्रावण नाही. पडवीत अंड्यांना दोन आठवडे होत आले की पुढची रांग मी त्यांच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवायची. एकदा थंडीत गेलेलं अंडं पुन्हा बाहेर ठेवू नये, त्याला घाम फुटतो आणि तो ओलावा आत शिरतो. म्हणून तिथं गेलेलं अंडं थेट चुलीवरच जायचं. काही अंडी आंटींनी फोडून, चिमूटभर मीठ घालून, फेटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवली. मीठ किंवा साखर घातली नाही तर गोठलेल्या बलकाचा चिकट गोळा होतो, पुन्हा सैल होत नाही. कवचासकट गोठवलं तर कवचच तडकतं. पण आमच्याकडे पावसात लाईटचा भरवसा नाही, त्यामुळे फ्रीझरवर सगळा भार टाकण्यात अर्थ नव्हता.

पंधरा ऑगस्टला त्यांची नातवंडं मुंबईहून यायची होती, म्हणून आंटींनी बेबिंका करायला घेतली. तिला नुसते बलक लागतात आणि तेही भरपूर. नारळाचं घट्ट दूध, साखर, मैदा, जायफळ. पहिला थर भाजायचा, त्यावर तूप सोडायचं, मग दुसरा थर. प्रत्येक थराला वरून आच हवी. आंटी अजून झाकणावर निखारे ठेवतात आणि मधूनमधून झाकण उचलून रंग बघतात. थर बदामी झाला की लगेच पुढचा डाव. सकाळी बसलेली बाई दुपार कलेपर्यंत उठली नाही. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात जोगिणींचे कपडे अंड्याच्या पांढऱ्यानं खळवायचे, उरलेल्या बलकांतून बेबिंका जन्माला आली, अशी आख्यायिका त्यांनी त्या बैठकीत मला सांगितली. आमचं पांढरं उरलं ते साखर आणि किसलेलं खोबरं घालून भाजलं, मुलांनी गरम गरमच संपवलं.

गणपती पोचवले आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतःच वाटण काढलं. भाजलेलं खोबरं-कांदा, मालवणी मसाला. रश्श्यासाठी मी मुद्दाम जुनी अंडी काढली. ताज्या अंड्याचं कवच उकडल्यावर पांढऱ्याला धरून ओरबाडत निघतं. ठेवलेल्या अंड्यातला कार्बन डायऑक्साइड हळूहळू बाहेर पडलेला असतो, त्यामुळे आतला पापुद्रा पांढऱ्याला तितका घट्ट धरून राहत नाही. एकेक टरफल अखंड सुटत गेलं. "गुळगुळीत निघाली गो," म्हणत त्यांनी ती वाटीवाटीनं रश्श्यात सोडली. टरफलं भाजून, बारीक कुटून कोंबड्यांच्या खाद्यात गेली. मोठे तुकडे घालू नयेत, नाहीतर कोंबड्यांना अंडी फोडून खायची सवय लागते.

पुढची पिल्लं मी कार्तिकात आणणार आहे. ती वैशाखात अंड्यावर येतील, तेव्हा चाकरमानी गावात असतात आणि पाटी दारातच रिकामी होते. श्रावणातही अंडी थांबणार नाहीत, म्हणून आंटींना फ्रिजमधला खालचा कप्पा आत्ताच सांगून ठेवलाय.