हौद्यात बसलेली आजी

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बँकॉकहून ईशान्येकडे जाणारा हमरस्ता पाहावा. शहर रिकामे होत असते आणि रस्ता भरत असतो. बसगाड्या असतात, मोटारी असतात, पण नजरेत भरतात ते पिकअप. पुढे केबिन, मागे उघडा हौदा. या हौद्यात काय नसते? टेबलफॅन, मुलांची सायकल, गाद्यांची वळकटी, थंड पाण्याच्या बाटल्यांची खोकी, बिस्किटांचे डबे. आणि या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध चटई अंथरून बसलेली माणसे. एखादी आजी उन्हासाठी डोक्याला चौकड्यांचा पंचा गुंडाळून, नातवाचे डोके मांडीवर घेऊन निवांत बसलेली दिसते. गाडी ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरने पळत असते आणि आजीच्या पंचाचे टोक वाऱ्यावर फडफडत असते.

ही सगळी गर्दी सोंगक्रानची. थाई नववर्षाचा हा सण १३ ते १५ एप्रिल असा तीन दिवस चालतो. नाव ऐकताच मराठी कानाला ओळख पटते, कारण ती आपली संक्रांतच! आपण मकरसंक्रांतीला तिळगूळ वाटतो, थाई मंडळी मेषसंक्रांतीला पाणी उडवतात. आधी वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी ओतून आशीर्वाद घ्यायचा आणि मग रस्त्यावर येईल त्याला चिंब भिजवायचे. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने या सणाला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. बँकॉकमध्ये पोटासाठी राहणाऱ्या लाखो लोकांना मात्र सोंगक्रान म्हणजे एकच गोष्ट ठाऊक, गावी जाणे. गणपतीत मुंबईच्या चाकरमान्याला कोकणाची वाट जशी ओढते, तशीच.

तबकाचा रथ

या रस्त्याचे नाव मित्रफाप, म्हणजे मित्रभाव. अमेरिकेच्या मदतीने बांधलेला साराबुरी ते कोराट हा त्याचा पहिला टप्पा १९५८ मध्ये खुला झाला. पुढे तो मेकाँग नदीकाठच्या नोंगखायपर्यंत, लाओसच्या सीमेला भिडेपर्यंत वाढला. पाचशेहून अधिक किलोमीटरचा हा रस्ता ज्या प्रदेशातून जातो त्याला ईसान म्हणतात. हा ईसान म्हणजे आपली ईशान्य दिशा. कोराटचे पूर्ण नाव नाखोन राचासिमा. त्यात नगर, राजा आणि सीमा हे तिन्ही शब्द जरा कान देऊन ऐकले की सापडतात. वाटेत मुआकलेकला डेन्मार्कच्या साहाय्याने १९६२ मध्ये सुरू झालेला दूधप्रकल्प आहे, पाकचोंगला सीताफळांच्या बागा आहेत, आणि लामताखोंग धरणाचे पाणी बराच वेळ रस्त्याला सोबत करते. सोंगक्रानच्या गर्दीत अडकलेल्यांना हे पाणी पाहायला भरपूर वेळ मिळतो, ही गोष्ट वेगळी.

थाई भाषेत गाडीला 'रोत' म्हणतात. हा शब्द लिहिताना मात्र 'रथ' असाच लिहितात, आणि मूळही तेच. पिकअपला म्हणतात 'रोत क्रबा'. क्रबा म्हणजे तबक, तेव्हा हा झाला तबकाचा रथ. या तबकात थायलंडचा अर्धाअधिक संसार मांडलेला असतो. दोन बाके आणि वर छप्पर बसवले की तोच पिकअप 'सोंगथेओ' होतो. सोंगथेओ म्हणजे दोन ओळी. समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसण्याचे हे वाहन आपल्याकडच्या वडापची आठवण करून देते. चहूबाजूंनी भाजीच्या, मांसाच्या, मसाल्याच्या पिशव्या लटकावल्या की तो गल्लीबोळांतून फिरणारे वाणसामानाचे दुकान बनतो. मुलगा भिक्खू व्हायला निघाला की मिरवणुकीत तो पिकअपवर बसतो. आणि सोंगक्रानच्या दिवशी हौद्यात पाण्याचे पिंप, त्यात बर्फाची लादी आणि भोवती बादल्या घेतलेली पोरे, असे प्रत्येक गल्लीत एक तरी दृश्य दिसतेच.

हे वाहन इतके घरोघरी का पोचले? एक कारण शेती. भात, ऊस, टॅपिओका यांची ने-आण करायला टनभर वजन उचलणारी गाडी लागते. दुसरे कारण सरकारी. हे कष्टकऱ्याचे वाहन म्हणून त्याच्यावरचा कर वर्षानुवर्षे मोटारीपेक्षा बराच कमी ठेवला गेला. तिसरे कारण कारखाने. जपानी कंपन्यांनी, पाठोपाठ अमेरिकन कंपन्यांनी पिकअप बनवण्यासाठी थायलंडच निवडले आणि बँकॉकच्या पूर्वेचा पट्टा वाहननगरी बनला.

पिकअपचे प्रकार तीन. एकाच केबिनचा, ज्याचा हौदा सव्वादोन मीटरहून लांब असतो. दुसरा दीड केबिनचा; त्यात पुढच्या आसनांमागे थोडी मोकळी जागा असते आणि तिथे मुले कशीबशी कोंबली जातात. तिसरा चार दारांचा. त्यात पाच जण नीट बसतात, पण हौदा आखडून दीड मीटरवर येतो. पहिल्या दोन्हींच्या पाटीवर हिरवी अक्षरे, चार दारांच्या पाटीवर मोटारीसारखी काळी. नंबरपाटीच्या रंगावरून सोयरिकीचा अंदाज बांधणारी माणसे तिथेही असतील, यात शंका नाही!

एकाच सांगाड्याची दोन भावंडे

२००४ मध्ये टोयोटाने थायलंडमधून नव्या हायलक्स पिकअपची मालिका सुरू केली आणि त्याच सांगाड्यावर फॉर्च्युनर ही सात आसनी गाडी आणली. त्याच घराण्यातली इनोव्हा २००५ पासून आणि फॉर्च्युनर २००९ पासून भारतात आली. मराठी लग्नाच्या वरातीत आज या दोघी हमखास दिसतात. हायलक्स मात्र भारतात यायला २०२२ साल उजाडले. इसुझूनेही तेच केले, डी-मॅक्स पिकअप आणि त्याच्याच बांध्यावर एमयू-एक्स ही एसयूव्ही.

म्हणजे थाई कुटुंब जेव्हा पिकअप की एसयूव्ही असा विचार करते, तेव्हा ते दोन सख्ख्या भावंडांतून एकाची निवड करत असते. इंजिन सारखे, उंची साधारण सारखी, चिखलातून बाहेर पडण्याची ताकदही सारखी. फरक मागच्या बाजूला. पिकअपच्या मागच्या चाकांवर कमानीचे पाटे असतात. दहा गोण्या लादल्या की ते शांत होतात, रिकाम्या गाडीत मात्र प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्याला कळवतात. फॉर्च्युनरमध्ये त्या जागी गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत, प्रवास मऊ होतो. चार दारांचा हायलक्स ५.३ मीटर लांब, फॉर्च्युनर ४.८ मीटर. हा अर्धा मीटर बँकॉकच्या दुकानापुढे गाडी लावताना चांगलाच जाणवतो. किमतीत तर मोठी दरी. चार दारांचा साधा पिकअप आठ लाख बाहतच्या आसपास सुरू होतो, तर त्याचे एसयूव्ही भावंड दहा लाखांच्या बरेच पुढे.

आता उदाहरणादाखल एक घर डोळ्यांपुढे आणावे. नवरा समुतप्राकानच्या कारखान्यात, बायको इस्पितळात परिचारिका. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चारची. मुलांना सांभाळायला बायकोची आई गावाहून आलेली. ईसानमध्ये म्हाताऱ्या आईबापांचे पाहणे बहुधा लेकीकडे, त्यातही धाकट्या लेकीकडे असते. त्यामुळे सासूबाई घरात आहेत याचे कुणाला नवल नाही. बायकोचा भाऊही जवळच खोली घेऊन राहतो. सासरे खोनकेनजवळच्या खेड्यात दहा राय, म्हणजे सुमारे चार एकर भातशेती पाहतात. बँकॉकपासून साडेचारशे किलोमीटर. दाराशी पंधरा वर्षांचा दीड केबिनचा पिकअप.

इतकी वर्षे सोंगक्रानला जाताना नवरा-बायको पुढे, मुले मागच्या फटीत, आजी आणि मामा हौद्यात. येताना सासऱ्यांनी दिलेल्या तांदळाच्या गोण्या, आंबे, आंबवलेल्या माशाची झाकण घट्ट बांधलेली बरणी. या बरणीचा वास बंद केबिनमध्ये सोसणे अवघड; ती हौद्यातच शोभते.

एप्रिल २०१७ मध्ये मात्र सोंगक्रानच्या तोंडावर सरकारने फर्मान काढले. पिकअपच्या हौद्यात माणसे बसवायची नाहीत, आणि दीड केबिनच्या मागच्या जागेतही नाहीत, कारण तिथे पट्टे नाहीत. देशभर ओरड झाली. आम्ही गावी जायचे कसे, हा प्रश्न लोकांनी विचारला तो रागाने, आणि त्याला सरकारकडे उत्तर नव्हते. काही दिवसांतच अंमलबजावणी सैल करावी लागली.

दोन्ही बाजूंना तथ्य होते. सोंगक्रानच्या काळाला थाई सरकारच 'सात धोक्याचे दिवस' म्हणते. या सात दिवसांत दरवर्षी दोनशेहून अधिक माणसे रस्त्यावर मरतात. हौद्यातल्या माणसाला धरायला पत्र्याची कड सोडून काही नसते. गाडी उलटली तर तो सामानाबरोबर फेकला जातो. पण या मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा मोटारसायकलींचा असतो. हौद्यातून उतरवलेले गरीब कुटुंब एसयूव्हीत बसणार नव्हते, ते मोटारसायकलवरच बसले असते. कायदा करणाऱ्यांनी ही गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी होती. पुढे २०२२ मध्ये सहा वर्षांखालच्या मुलांना सुरक्षित आसनात बसवण्याचा कायदाही आला, आणि पुन्हा तोच सवाल उभा राहिला: ज्या गाडीत मुलाला धड आसनच नाही, तिथे हे आसन बांधायचे कशाला?

तर, त्या घरात वाद असा. नवऱ्याला चार दारांचा पिकअप हवा. पाच जण आत बसतील, तांदूळ मागे, मेव्हण्याची खोली हलवायची झाली तरी गाडी घरचीच. शिवाय हप्ता कमी. बायको बोटे मोडून मोजते: आपण दोघे, मुले दोन, आई पाच, भाऊ सहा. मग सहावा कुठे बसणार? इस्पितळात रात्रपाळी करणाऱ्या बाईला हौद्यातून पडलेल्या माणसांचे काय होते ते सांगावे लागत नाही. नवरा म्हणतो, एसयूव्हीत सहा जण बसले तर तिसरी ओळ उघडावी लागेल, मग मागे दोन पिशव्यांपुरतीच जागा. तांदूळ कुठे ठेवायचा? आणि त्या घरी तांदूळ म्हणजे नुसता तांदूळ नाही. बापाने वर्षभर कसून पिकवलेला, लेकीसाठी बाजूला काढून ठेवलेला तांदूळ 'जागा नाही' म्हणून नाकारायचा, हे तोंडाने बोलणार कोण?

गंमत अशी की ज्या आजीसाठी हे भांडण, तिला हौदाच आवडतो. आत एसीत तिला मळमळते. मागे वारा लागतो, पाय पसरता येतात, शेजारच्या हौद्यातल्या बाईशी सिग्नलला चार शब्द बोलता येतात.

आजीची आवड खरी असली तरी हिशेब बायकोचाच बरोबर, असे म्हणावे लागते. तांदूळ दुसऱ्या गाडीने मागवता येतो, मालवाहतूकदाराकडे देता येतो. गोणी रस्त्यावर पडली तर फाटेल, एवढेच. ज्या घरातली माणसे रोज चारच असतात आणि ज्यांचे पोट गाडीतल्या मालावर चालते, त्यांनी खुशाल पिकअप घ्यावा. चार दारांचा घेतला तर उत्तमच. पण जिथे सहा जण एकत्र निघतात, तिथे सहा आसने आणि सहा पट्टे आधी मोजावेत.

राहता राहिला पैसा, आणि तो प्रश्न लहान नाही. थायलंडमध्ये घरगुती कर्जाचा डोंगर देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या नऊ-दशांशाच्या आसपास गेलेला होता. त्यामुळे २०२३ पासून बँकांनी हात आखडला आणि पिकअपची विक्री कोसळली. नव्या एसयूव्हीचा हप्ता परिचारिका आणि कामगाराच्या पगारातून निघणे कठीणच. अशी घरे मग वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात जातात. सात-आठ वर्षे चाललेली सात आसनी गाडी नव्या पिकअपपेक्षा स्वस्तात मिळू शकते. एकच पथ्य पाळायचे: चारदोन दिवस मेकॅनिकला दाखवायची आणि पुरात बुडालेली तर नाही ना, हे गालिचा उचलून पाहायचे. बँकॉकच्या आसपास २०११ साली आलेला महापूर लोक अजून विसरलेले नाहीत.

आणि जुना पिकअप? तो विकून फारसे हाती येत नाही. तो सासऱ्यांकडे गावी ठेवावा. शेतातून गिरणीपर्यंत, गिरणीतून देवळापर्यंत एवढेच त्याला पळायचे.

नवी गाडी, मग ती जुनी का असेना, थाई घरात आधी विहारात नेतात. भिक्खू आत वाकून छतावर पांढऱ्या भुकटीने ठिपके काढतात, आरशाला मोगऱ्याची माळ अडकवली जाते. सोंगक्रान संपवून परतताना सासरे लेकीच्या, नातवंडांच्या मनगटाला पांढरा दोरा बांधतात. मामा या खेपेस एक दिवस आधीच बसने परतलेला असतो. मागच्या ओळीतली दोन्ही आसने उचलून खिडकीकडे बाजूला बांधली की तिथे दोन गोण्या आणि आंब्यांची पाटी आरामात मावते. बरणी मात्र सासऱ्यांनी पाच पिशव्यांत गुंडाळून दिली आहे, तरी ती आहे हे सगळ्यांना कळतेच आहे. धाकटी आपल्या उंच आसनात झोपली आहे. शेजारी आजी पट्टा लावून बसली आहे, आणि एसी चालू असतानाही तिने आपल्या बाजूची काच चार बोटे खाली केली आहे.