लाल डोक्याची चिमणी

जर्सी सिटीत नवं बिऱ्हाड थाटलेलं मराठी कुटुंब हौसेनं बाल्कनीत दाणे टांगतं आणि आठवड्याभरात गावाकडे बातमी जाते, "आई, इथं चिमण्या आहेत, पण काहींचं डोकं लालभडक!" त्या लाल डोक्याच्या चिमण्या नव्हेत. तो हाउस फिंचचा नर.

त्याचा घोळ होतो पर्पल फिंचशी. रंगाच्या नादी लागू नका, कुशीकडे बघा. कुशीवर ठळक तपकिरी रेघा दिसल्या की हाउस फिंच. पर्पल फिंचचा गुलाबीपणा पाठीवर, पंखांवरही उतरलेला असतो. हाउस फिंचच्या मादीत लाल रंगाचा टिपूसही नाही, म्हणून तिला सगळे चिमणीच समजतात. पण चिमणीची छाती साफ असते आणि डोळ्यामागे फिकट पट्टा. हिचा चेहरा कोरा, छातीवर पुसट रेघा.

नराचा लाल रंग येतो खाण्यातल्या कॅरोटिनॉइडमधून. नवी पिसं येताना खुराक बेताचा झाला, तर तोच नर नारिंगी किंवा पिवळट निघतो. माद्यांना सहसा गडद लाल नर पसंत. स्थळ बघताना पोटापाण्याची चौकशी आलीच!

गंमत म्हणजे हा पक्षी मूळचा इथला नाहीच. मेक्सिको, कॅलिफोर्नियाकडचा. न्यूयॉर्कचे दुकानदार त्याला 'हॉलिवूड फिंच' म्हणून पिंजऱ्यात विकत. पक्षीसंरक्षणाच्या 1918च्या कायद्यानं ही विक्री बेकायदा होती. कारवाईच्या धास्तीनं 1940च्या सुमारास लाँग आयलंडवर काही पक्षी सोडून दिले गेले. त्या मूठभरांची पिलावळ पुढच्या पन्नासेक वर्षांत पूर्वेकडच्या जवळजवळ सगळ्या राज्यांत पसरली. आज त्याच कायद्याचं त्याला संरक्षण आहे. तुमच्या टांगत्या कुंडीत त्यानं अंडी घातली, तर घरटं काढता येत नाही. युरोपातून आणलेल्या चिमणीला मात्र ते कवच नाही. कागदपत्रांचा न्याय पाखरांनाही लागू, म्हणायचं!

1994च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनच्या आसपास या पक्ष्यांचे डोळे सुजलेले दिसू लागले. कोंबड्यांमधला एक जिवाणू त्यांच्यात शिरला होता. आंधळं झालेलं पाखरू दाणे शोधू शकत नाही, आणि मांजराला आयतं सापडतं. काही वर्षांत पूर्वेकडची संख्या निम्म्यावर आली. साथ पसरायला आपले फीडर हातभार लावतात. तेव्हा डोळे चिकटलेला पक्षी दिसला, तर माया बाजूला ठेवा, फीडर काही दिवस उतरवा. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी घेऊन तो धुवा आणि खडखडीत वाळवूनच पुन्हा टांगा.